ताई, त्या अर्ध्या तासाबद्दल

आदरणीय ताई,

सरकारी यादीत इन्सुलिन आहे, मग ते किती टोचायचं हे ठरवायला रक्तातली साखर मोजणाऱ्या स्ट्रिप्स का नाहीत, हा प्रश्न तुम्ही सभागृहात विचारलात तेव्हा आमच्या मधुमेहींच्या गटातले सगळे कानात प्राण आणून ऐकत होते. त्यासाठी तुमचे आभार मानणारे पुष्कळ आहेत. मला त्याआधीच्या भेटीबद्दल लिहायचंय. आज लिहीन, उद्या लिहीन करत राहिले, कारण आठवलं की अजून गळा दाटून येतो.

तुमच्याकडे येईपर्यंत आम्ही बरीच दारं ठोठावून झालो होतो. 14 नोव्हेंबरला, म्हणजे इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगच्या वाढदिवशी, जागतिक मधुमेह दिनाचं निळं वर्तुळ छातीवर लावून फोटो काढणारे दुसऱ्या दिवशी ओळखसुद्धा दाखवत नाहीत, हे तिथे कळलं. एकाने आमचं निवेदन घेतलं, त्यावर शेरा मारला आणि वाटाण्याच्या अक्षता लावून वाटेला लावलं. दुसऱ्या एका सन्माननीयांनी माझ्या मुलीकडे बघून, ‘गोड फार खातेस का गं?’ असं विचारलं. वर मला सल्ला दिला की इन्सुलिनची सवय लागते, ते बंद करून एखादा काढा देऊन बघा. माझ्या मुलीला आहे त्या टाइप वन मधुमेहात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बाहेरून देणं थांबवलं तर कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढतात, रक्त आम्लधर्मी होतं आणि काही दिवसांत, कधी काही तासांतही, जिवावर बेततं. धोरण ठरवणाऱ्या खुर्चीत बसून माणूस हे असं बोलतो! मी त्यांना हे सगळं शांतपणे सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

घड्याळाचं म्हणूनच मला विशेष.

तुमच्याकडे मोजून दहा मिनिटांची वेळ मिळाली होती. मुलगी तिचं भाषण पाठ करून आली होती: 1922 च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं, पुढच्या वर्षी शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले, आणि तरीही... ‘तरीही’पाशी ती अडकली. परत ‘एका डॉलरला’ म्हणाली. परत ‘एका डॉलरला’. मला वाटलं, घाबरली असेल. मग तिच्या वरच्या ओठावरचा घाम दिसला. मीटर काढला तर साखर 58. सत्तरच्या खाली म्हणजे धोक्याइतकी कमी.

असा प्रसंग कार्यालयात आला की लोक काय करतात ते आम्हाला ठाऊक आहे. कुणी पाणी मागवतं, कुणी ‘बिचारी’ म्हणतं, कुणी दारात उभ्या असलेल्या माणसाला खूण करतं की यांना बाहेर बसवा. तुम्ही तिलाच विचारलंत, ‘आता काय करायचं असतं?’ ती ग्लुकोजच्या गोळ्या चघळत म्हणाली, ‘15 ग्रॅम साखर, मग 15 मिनिटं थांबायचं, मग परत तपासायचं.’ तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढलंत आणि तबकडी तिच्याकडे करून टेबलावर ठेवलंत. ‘मग थांबू या,’ म्हणालात.

आणि थांबलात. फोन उपडा ठेवलात. तिच्याकडे टक लावून बघितलं नाहीत, धीराचे दोन शब्द वगैरेही नाहीत. आमच्यासोबत आलेल्या काकांना तुम्ही त्यांच्या पायाबद्दल विचारलंत. काकांचा मधुमेह टाइप टू, एका जखमेकडे वेळेवर लक्ष गेलं नाही म्हणून बोटं गेली. दर भेटीत लेकराला बोलू दे म्हणत ते स्वतःचं बोलणं गिळायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं सगळं ऐकून घेतलं गेलं, तेही तिची शुगर वर येण्याची वाट बघता बघता.

15 मिनिटांनी 66. नियमाप्रमाणे पुन्हा साखर, पुन्हा 15 मिनिटं. ही दुसरी 15 मिनिटं फार अवघड असतात, ताई. पहिल्यांदा सगळेच समजूतदार असतात. शाळेत, लग्नात, नातेवाइकांत, दुसऱ्यांदा थांबायची वेळ आली की माणसं चुळबुळ करतात, आणि मूल ते बघतं. तुमच्या सहायकांनी दार किलकिलं करून बाहेर खोळंबलेल्यांची आठवण केली. तुम्ही म्हणालात, ‘माझ्यामुळे उशीर होतोय म्हणून सांगा.’

तिने ते ऐकलं. सतत आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो असं धरून चालणारी मुलगी आहे ती. वर्गात लो झाली, म्हणजे साखर अशी उतरली, तरी तास संपेपर्यंत गप्प बसते. त्यानंतर मीटरवर 92 आला, भाषण ‘तरीही’पासून पुढे सुरू झालं, आणि पुढचं कामकाज काय झालं ते इथे लिहीत नाही. अर्ज, नमुने, शिक्के यांत कुणाला रस असणार! घरी येताना ती एवढंच म्हणाली, ‘आई, त्या चिडल्या नाहीत.’

सभागृहातल्या तुमच्या प्रश्नात ‘दिवसातून अनेकदा तपासावं लागतं, आणि कधीकधी 15 मिनिटांत दोनदा’ हे वाक्य आलं तेव्हा मी आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या निवेदनात ते कुठेच नव्हतं.

सरळ वागणारी माणसं मोठ्या पदांवरच असतात असं नाही, हेही सांगायला हवं. तुमच्या दाराशी बसणाऱ्या त्या गृहस्थांनी काकांची काठी बघून न सांगता स्वतःची खुर्ची पुढे केली होती. त्यांनाही आमचा नमस्कार सांगा. आणि ज्यांनी काढ्याचा सल्ला दिला त्यांच्याबद्दल आता राग उरला नाही म्हणाले तर खोटं होईल. आहे. भरपूर आहे.

स्ट्रिप्सचा निर्णय अजून कागदावर आलेला नाही, याची आम्हाला कल्पना आहे. शाळेत इंजेक्शन घ्यायला जागा आणि लो झाल्यावर काय करायचं हे माहीत असलेला एक तरी शिक्षक, ही मागणी तर आम्ही त्या दिवशी मांडूच शकलो नाही, वेळ अशी गेली. तिचा मसुदा मुलीने लिहिलाय. शुद्धलेखन मी तपासलंय, बाकी सगळं तिचं. तो घेऊन आम्ही पुन्हा येतोय. या वेळी दहाच्या ऐवजी चाळीस मिनिटं मागितली आहेत.

आपली,
एका टाइप वन मुलीची आई