कंपन्या एक झाल्या, आमचं जळालेलं कार्ड कुणाचं?

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

स.न.वि.वि.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात फायबरचं इंटरनेट देतो. 11 गावं, 640 जोडण्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी वीज कोसळली आणि आमच्या ओएलटीचं एक कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, गेलं. ओएलटी म्हणजे घराघरांतून आलेल्या फायबर जिथं एकत्र येतात ती पेटी. कार्ड जाण्याचं मला नवल नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर राहतो, अर्थिंग चोख ठेवूनही कधीतरी झटका बसतोच. दर वेळी कंपनीला फोन करायचा, तिसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून बदली कार्ड यायचं.

या वेळी तोच नंबर फिरवला तर दुसऱ्याच कंपनीचं नाव कानावर पडलं. पलीकडच्या मुलीनं सिरीयल नंबर विचारला. चष्मा कपाळावर चढवून, टॉर्चच्या उजेडात मी तो तीनदा वाचून दाखवला. "हा नंबर आमच्या रेकॉर्डला नाही सर." दोन वर्षांपूर्वी आमची कंपनी या दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, तेव्हा सगळ्या ग्राहकांना मेल आला होता, की तुमच्या सेवेत काहीही बदल होणार नाही. तो मेल मी जपून ठेवला होता, तोही पाठवला. उत्तर आलं, हे मॉडेल बंद झालंय, सुटं कार्ड मिळणार नाही, नवी पेटी घ्या. नव्या पेटीचं कोटेशन 4 लाख 85 हजार, ती चालवायच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं. एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे, पैसे मी मार्चमध्येच भरले होते. ते घेताना मात्र माझं नाव, नंबर, सगळं रेकॉर्ड त्यांना बरोबर सापडलं होतं.

13 दिवस अडीचशे जोडण्या बंद होत्या. त्यांपैकी एका गावात एक ताई बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतात. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढायला म्हातारी माणसं तिथं येतात. वरच्या वाडीतली एक आजी चिखलातून तीनदा चालत आली. अंगठा ठेवायची, मशीनवरचं चाक नुसतं फिरत राहायचं. तिसऱ्या खेपेला मी तिथंच वायर तपासत होतो. तिनं पदरानं अंगठा पुसला, माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "बाळा, माझं बोट झिजलंय काय रं?" मंत्रिमहोदय, त्या बाईला वाटलं दोष तिच्या अंगठ्यात आहे. आयुष्यभर भातलावणी केलेला अंगठा. मी तिला काय सांगायला हवं होतं? की दोन कंपन्यांनी कागदावर सह्या केल्या म्हणून तुझे पैसे अडकलेत?

हा धंदा मी हौसेनं सुरू केलेला नाही. 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलमधून एकाच दिवशी 78 हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली, त्यांतला मी एक. 32 वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, दुसरं काही येत नव्हतं. मिळालेले पैसे आणि बायकोच्या पाटल्या मोडून ही पेटी घेतली. तीच पेटी ते 13 दिवस रॅकमध्ये अर्धी मेलेली होती. पाटल्यांचा विषय बायको काढत नाही, पण दिवा लाल झाला की तीही दारात येऊन उभी राहते.

एक्स्चेंजची आठवण काढतो, कारण हा खेळ मी पहिल्यांदा बघत नाही. बेळगावच्या पुढं कित्तूरला 1986 मध्ये सी-डॉटचं, म्हणजे सरकारच्याच दूरसंचार संशोधन संस्थेचं, पहिलं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं. 128 पोर्टांचं, एसी नको, धूळ चालते. त्याच जातीच्या एक्स्चेंजवर मी काम शिकलो. कार्ड गेलं तर देशातच दुरुस्त व्हायचं. मोठ्या शहरांत बाहेरची यंत्रं आली. फ्रान्सच्या अल्काटेलचं ओसीबी, जर्मनीच्या सीमेन्सचं ईडब्ल्यूएसडी, अमेरिकेच्या ल्युसेंटचं फाइव्ह-ईएसएस. तिघांची भांडणं असायची, म्हणून भावही पडायचे आणि माणूसही धावत यायचा. मग 2006 च्या डिसेंबरात अल्काटेल आणि ल्युसेंट एक झाले. 2007 च्या एप्रिलात सीमेन्सचा हा धंदा नोकियाबरोबर गेला, 2013 मध्ये सीमेन्स त्यातूनही बाहेर पडली. 2016 मध्ये नोकियानं अल्काटेल-ल्युसेंटच घेतली. सौदा 15.6 अब्ज युरोंचा. तीन देशांची, एकमेकांशी हाडवैर असलेली तीन एक्स्चेंजं शेवटी एकाच मालकाच्या दारात! मोटोरोलाचा नेटवर्कचा धंदा मधल्या मध्ये तिकडेच गेला. कॅनडाच्या नॉर्टेलचं तर 2009 मध्ये दिवाळंच निघालं आणि तुकडे विकले गेले.

आता मूळ मुद्दा. 15 जून 2021 पासून आपल्याच सरकारचा नियम आहे, की सेवेचं सरकारी लायसन्स असलेल्यानं नवी यंत्रं फक्त 'विश्वासार्ह स्रोता'कडूनच, म्हणजे सरकारनं मान्य केलेल्या कंपनीकडूनच, घ्यायची. देशाच्या सुरक्षेसाठी आहे, मला मान्य आहे. स्वस्तातली पेटी मी घेतली नाही, नियम पाळला. पण कुणाकडून घ्यायचं हे तुम्ही ठरवणार असाल, तर तुम्हीच पसंत केलेल्या दोन दुकानांपैकी एक दुसऱ्याला गिळतं तेव्हा तुम्ही हात वर कसे करता? आमच्यासाठी दरवाजा तुम्ही अरुंद केलात, आता त्यात अडकलेल्याला बाहेर कोण काढणार?

इतर देशांची सरकारं अशी गप्प बसत नाहीत. नोकियानं अल्काटेल-ल्युसेंट घेतली तेव्हा फ्रान्सचे अर्थव्यवहार मंत्री मॅक्रॉन, म्हणजे आजचे राष्ट्राध्यक्ष, यांनी नोकऱ्या टिकवायची हमी घेतली. चीननं त्याच सौद्यात पेटंटबाबत अटी घातल्या. समुद्राखालच्या केबल टाकणारी अल्काटेलची कंपनी तर फ्रान्स सरकारनं 2024 मध्ये 80 टक्के स्वतःकडे घेतली. एचपीई कंपनी 14 अब्ज डॉलरना ज्युनिपर ही नेटवर्कची यंत्रं बनवणारी कंपनी घ्यायला निघाली, तेव्हा अमेरिकेच्या न्याय खात्यानं जानेवारी 2025 मध्ये कोर्टात खेचलं आणि एक धंदा विकायला लावूनच सोडलं. आमच्याकडं स्पर्धा आयोग आहे. 2024 पासून 2,000 कोटींवरच्या सौद्यांवर त्याची नजर असते म्हणे. आमच्या पेटीवाल्या कंपनीचा सौदा त्याच्या जवळपासही नव्हता. मग आमच्यावर कुणाची नजर आहे?

सरकारी पोर्टलवर तक्रार केली, तर विषय कंपनी व्यवहार खात्याचा आहे म्हणून बंद झाली. तिकडं केली, तर यंत्रसामग्रीचा विषय दूरसंचारचा. ग्राहक मंचाकडे गेलो, तर व्यापारासाठी घेतलेली वस्तू, तुम्ही ग्राहक नाही. लायसन्स फी भरताना मी दिसतो, केवायसीच्या नोंदी वेळेवर दिल्या नाहीत तर नोटीस येण्यापुरता दिसतो, आणि माझ्यावर वेळ आली की मी कुणालाच दिसत नाही. आमच्या ऑपरेटरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात 180 जण आहेत. विचारलं तर चाळीसेक जणांनी तरी सांगितलं की असंच झालंय. दोघांनी धंदा विकला. मोठ्या कंपनीलाच विकला, दुसरं कोण घेणार? खालीही तेच चाललंय, वरही तेच.

माझी मागणी मोठी नाही. यंत्र बनवणारी कंपनी विकली जात असेल, तर घेणाऱ्यानं जुन्या गिऱ्हाइकाला निदान सात वर्षं सुटे भाग आणि लायसन्स जुन्याच अटींवर द्यावं. ते जमत नसेल तर कार्डाचे नकाशे सी-डॉटला द्यावेत, आम्ही इथं दुरुस्त करून घेऊ. ही अट विश्वासार्ह स्रोताच्या यादीतच घाला, वेगळा कायदा लागणार नाही.

चौदाव्या दिवशी मी साताऱ्याच्या एका बंद पडलेल्या ऑपरेटरकडून जुनं कार्ड 62 हजारांना आणलं आणि जोडण्या सुरू केल्या. सुटं म्हणून ठेवायला दुसरं नाही. माझ्या दुसऱ्या पेटीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स याच कंपनीचं आहे, ते 31 ऑक्टोबरला संपतंय. त्यावर पाच गावं आहेत. त्याआधी आपलं उत्तर हवंय.

आपला,
एक इंटरनेट सेवाचालक,
चंदगड तालुका, जि. कोल्हापूर