आदिवासी पाड्यांवरचं प्रशिक्षण मार्चमध्ये नको, सप्टेंबरमध्ये घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी उजाडला की नाशिक जिल्ह्यात सातपूर, अंबड, सिन्नरमधल्या कंपन्यांचे स्वयंसेवक पेठ, सुरगाणा, हरसूलच्या पाड्यांवर कौशल्य प्रशिक्षणाला निघतात. ही माणसं मनापासून जातात आणि त्यांच्या हातात खरंच कसब असतं. पण त्या दिवसांत पाड्यावर शिकायला असतं कोण? द्राक्षांची काढणी जोरात असते आणि कामाची माणसं दिंडोरी, निफाडच्या बागांत असतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पोरांना गोळा करून फोटो निघतात. कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचं, म्हणजे सीएसआरचं, आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं म्हणून ही घाई होते.

कंपनी कायद्यात या घाईवर उपाय आहे. काम एकाहून जास्त वर्षांचं असेल तर कंपनीला ते ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करता येतं. सुरुवातीचं वर्ष सोडून त्याला पुढची तीन वर्षं मिळतात. न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकला की झालं.

दुसरी अडचण पैसा कशावर खर्च करायचा याची. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, हे केंद्र सरकारने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे आणि ते योग्यच आहे. पण म्हणून पैसा मंडप, टी-शर्ट आणि जेवणावर घालायचा का? अवजारं, सुटे भाग, शिकणाऱ्याची बुडालेली मजुरी, प्रशिक्षकाच्या पुढच्या फेऱ्या हा सगळा प्रकल्पाचाच खर्च आहे. पुढच्या फेऱ्यांचं भाडं मागितलं की प्रशासकीय खर्चाच्या 5 टक्के मर्यादेकडे बोट दाखवलं जातं. ती मर्यादा कंपनीच्या सर्वसाधारण सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. एखादा प्रकल्प राबवण्याच्या आणि त्यावर देखरेख ठेवण्याच्या थेट खर्चाला ती लागू नाही.

हातपंप दुरुस्तीचंच घ्या. कारखान्यातल्या फिटरने शिकवावं असं याच्याइतकं उपयोगी काम पाड्यावर क्वचितच दुसरं असेल. पण ते सभागृहात शिकवून येत नाही, गावातला बंद पंपच खोलावा लागतो. त्याआधी हापसे, म्हणजे दांडा किती वेळा मारावा लागतो ते, मोजायला शिकवावं. पंप चालवून अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा हापसायचं. पाच-सहा हापशांत पाणी आलं तर खालचा व्हॉल्व्ह ठीक आहे. खूप हापसावं लागलं तर व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा जोड गळतोय. पाणी लगेच येतं पण धार बारीक पडते, तेव्हा बहुधा पाणी वर उचलणारा आतला वायसर झिजलेला असतो.

इंडिया मार्क 2 या गावोगावी दिसणाऱ्या हातपंपात हा वायसर बदलायला सगळे पाइप वर काढावे लागतात. 3 मीटरचा एक पाइप साधारण 10 किलोचा असतो. असे 10 पाइप म्हणजे क्विंटलभर लोखंड, शिवाय आतल्या सळया आणि पाणी. पाइप धरणाऱ्या चापाचे दात झिजलेले असतील तर पाइपांची अख्खी माळ बोअरमध्ये जाऊ शकते आणि पंप कायमचा बसू शकतो. म्हणून नवा चाप, पाइप उचलायचे पाने आणि वायसरचे दोन जादा संच याशिवाय प्रशिक्षण सुरूच करू नये. वाटीसारख्या वायसरचं तोंड वर हवं. ते उलटं बसलं की पंप पाणी उचलत नाही आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. जोडताना आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. तिरका चढलेला आटा आज ना उद्या गळतोच.

हे एका दिवसात हातात बसत नाही. गटात आठ-दहा जण पुरेत आणि त्यात निम्म्या बाया हव्यात, कारण पंप बंद पडल्याची झळ आधी त्यांनाच बसते. पहिल्या दिवसानंतर महिन्याने दुसरी फेरी करावी. त्या वेळी पंप गावकऱ्यांनीच खोलायचा आणि फिटरने नुसतं पाहायचं. तिसरी फेरी एप्रिलमध्ये, पाणी खाली गेल्यावर. बोअरची खोली पाहून पाइप वाढवायचा की नाही, हे तेव्हाच शिकवता येतं.

अवजारांची पेटी कोणाची, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं. सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता बचत गटाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावे करता येते. पेटी प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या शहरातल्या कार्यालयात राहिली तर पाड्याच्या काही उपयोगाची नाही.

सेवाभावी क्लब आणि ट्रस्ट यांना सीएसआरचे हे नियम लागू नाहीत. कंपनीचा प्रकल्प संपल्यावर वायसर आणि ग्रीसचा वर्षाचा खर्च त्यांनी उचलावा. रक्कम लहान आहे, पण नेमकी तिथेच कामं अडतात.

काय शिकायचं ते मात्र गावाने ठरवावं. हा पेसा कायद्याचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याचा, भाग आहे, इथे ग्रामसभेला डावलून काही टिकत नाही. एखाद्या पाड्याला हातपंपापेक्षा सौरपंपाची वायरिंग किंवा नागलीच्या पापडाचं पॅकिंग जास्त गरजेचं वाटेल. भाताची आणि नागलीची आवणी उरकल्यावर, बागांची ऑक्टोबर छाटणी सुरू होण्याआधी, सप्टेंबरमध्ये माणसं गावात सापडतात. त्यासाठी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय यायला हवा आणि कंपन्यांनी आपला प्रस्ताव जुलैतच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) मराठीत लिहून द्यायला हवा.

– एक वाचक, नाशिक