संगणकाच्या तासाला मुलांना डोके लढवू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी आमच्या संगणक कक्षात सातवीतली एक मुलगी पंधरा मिनिटे पडद्याकडे बघत बसली होती. तिला त्रिकोण काढायचा होता. स्क्रॅच नावाच्या, मुलांना संगणकाला आज्ञा द्यायला शिकवणाऱ्या साधनातल्या मांजरीला तिने सांगितले होते : शंभर पावले पुढे जा, साठ अंशांत वळ, असे तीन वेळा कर. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे तिला पाठ आहे. घटक चाचणीत तिने ते बरोबर लिहिलेही होते. पण मांजर तीन रेघा ओढून भलतीकडेच जाऊन थांबली. त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन. "मॅडम, हे काऊन जुळून नाही राहिलं?"

मी उत्तर दिले नाही, खडू दिला. म्हटले, फरशीवर त्रिकोण काढ आणि त्या रेघेवरून तूच चालून बघ. ती चालली. पहिल्या टोकाशी थांबली, खांदा वळवून पाहिले, पुन्हा मागे जाऊन चालली. तिसऱ्या खेपेला तिच्या लक्षात आले, की पुढच्या रेघेकडे तोंड करायला आपण साठ अंशांपेक्षा कितीतरी जास्त वळतो. साठ हा आतला कोन. चालणारा वळतो तो बाहेरच्या कोनातून. तिने ६० खोडून १२० घातले आणि त्रिकोण जुळला. मग कुणी न सांगता चौकोनाचे ९० आणि पंचकोनाचे ७२ काढले, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिले, 'पूर्ण चक्कर ३६०, बाजूंनी भागायचे.' बाह्यकोनांची बेरीज मी २२ वर्षे फळ्यावर शिकवते आहे. इतक्या हक्काने ती कुणी आपली केलेली मी क्वचितच पाहिली.

पत्र लिहायला बसले ते यासाठी. आपल्या बहुतेक शाळांत संगणकाचा तास म्हणजे व्याख्या उतरवून घेण्याचा तास. संगणकाचा मेंदू कोणता, माउस कोणत्या प्रकारचे साधन, हे पाचवीपासून आठवीपर्यंत मुले तेच ते लिहितात. मी आधी ज्या शाळेत होते तिथे दहा संगणक आले, त्यांच्यावर प्लॅस्टिकची आवरणे चढली, खोलीची किल्ली कार्यालयात गेली आणि तपासणीच्या दिवशीच बाहेर निघाली. त्या वर्षीची मुले दहावी होऊन गेली. ते आठवले की आजही वाईट वाटते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्येच सांगून ठेवले आहे, की सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगच्या, म्हणजे संगणकाला पायरीपायरीने आज्ञा देण्याच्या, कृती असाव्यात. साधनही हाताशी आहे. स्क्रॅच हे अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये तयार झाले, २००७ पासून सर्वांसाठी खुले आहे आणि पूर्ण मोफत आहे. त्यात इंग्रजी आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. जे जुळत नाहीत ते अडकतच नाहीत. त्यामुळे स्पेलिंग चुकले म्हणून काम अडत नाही, अडते ते विचार चुकला म्हणून. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. एकदा संगणकात घातले की इंटरनेट लागत नाही. आमच्या जुन्या आठ यंत्रांवर नवी आवृत्ती चालली नाही, मग १.४ ही जुनी आवृत्ती घातली. ती अजून बिनतक्रार चालते आहे. एका यंत्रावर तिघे बसवते. एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने सांगायचे, तिसऱ्याने चूक शोधायची. दहा मिनिटांनी जागा बदल.

खरे तर सुरुवात संगणकाशिवाय करावी. मी ठिपक्यांच्या रांगोळीपासून करते. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकाजवळ काढलेली रांगोळी, दुसऱ्याजवळ नुसते ठिपके. पहिल्याने फक्त बोलायचे. "इकडून असं घे ना बे" म्हटले की काहीच होत नाही, हे दोन मिनिटांत कळते. मग आपोआप "तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या ठिपक्यापासून उजवीकडे दोन" अशी भाषा येते. मोठे काम लहान पायऱ्यांत तोडणे, क्रम लावणे, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा ओळखणे, सगळे त्यात आले. ज्या शाळेत एकही संगणक नाही, तिथेही हे उद्यापासून होऊ शकते.

ऋण संख्यांसाठी तर आपल्या नागपूरसारखे गाव नाही. स्क्रॅचच्या पडद्याचा मध्य म्हणजे शून्य, शून्य. मी मुलांना सांगते, हा आपला झिरो माइल, शहराच्या मधला तो दगडी खांब. पूर्वेला भंडाऱ्याकडे निघालात तर अधिक, पश्चिमेला अमरावतीकडे तर उणे. वर कोराडीकडे अधिक, खाली बुटीबोरीकडे उणे. यंदा तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात मुलांनी लाकडी बैल उणे २०० पासून अधिक २०० पर्यंत चालवला. सहावीत पूर्णांक संख्यांना घाबरणारी तीच ही मुले.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. कोडिंग आले नाही तर मूल मागे पडेल, अशा जाहिरातींना घाबरून ऐपतीबाहेरची फी भरू नका. माझ्या त्या विद्यार्थिनीचे वडील कळमना बाजारात हमाली करतात. तिला हे मिळायचे तर शाळेतच मिळायला हवे, फुकट मिळायला हवे.

शिक्षण विभागाकडे आणि महापालिकेच्या शाळा चालवणाऱ्यांकडे माझे मागणे साधे आहे. संगणकाच्या तासांपैकी आठवड्याला दोन तास यासाठी राखून ठेवा. शिक्षकांचे प्रशिक्षण भाषणे ऐकवून उरकू नका. आम्हालाही यंत्रासमोर बसवा, आम्हालाही त्रिकोण चुकू द्या. गणित शिकवणाऱ्यांना यात आधी घ्या. आणि कळकळीने सांगते, याची लेखी परीक्षा घेऊ नका. 'अल्गोरिदमची व्याख्या लिहा, गुण दोन' हा प्रश्न ज्या दिवशी येईल, त्या दिवसापासून मुले पुन्हा उतरवून घ्यायला लागतील.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि वेळापत्रक त्याच आठवड्यात ठरते. येत्या वेळापत्रकात हे दोन तास दिसावेत. ती मुलगी आता वर्तुळाच्या मागे लागली आहे. ३६ वेळा दहा अंश वळवून झाले. तिच्या मते ते अजून पुरेसे गोल नाही.

आपली,
एक गणित शिक्षिका
नंदनवन, नागपूर