बर्फ किती पडला, त्याहून वारा कुठून वाहिला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की गुलमर्गला किती बर्फ पडला याच्या बातम्या छायाचित्रांसह येऊ लागतात. वाऱ्याचा वेग आणि दिशा मात्र त्यांत क्वचितच असते. तिथल्या गोंडोलाचा (रोपवेचा) वरचा टप्पा सुमारे ३,९५० मीटरवर, अफरवाट डोंगराच्या धारेजवळ संपतो. तिथून आखीव मार्ग सोडून उतरणाऱ्याला हिमस्खलनाचा धोका ओळखायला सर्वांत आधी हीच माहिती हवी. महाराष्ट्रातूनही अनेक जण तिकडे स्कीइंगला जातात, म्हणून हे पत्र.

आभाळ निरभ्र असले तरी वारा ताशी २५ किलोमीटरच्या आसपास गेला की सुटा, कोरडा बर्फ सरकू लागतो. वाऱ्यासमोरची बाजू खरवडली जाते आणि तोच बर्फ धारेपलीकडच्या आडोशाला साचतो. वाटेत कण आपटून बारीक होतात, घट्ट बसतात आणि त्यांची लादी बनते. हॉटेलात १० सेंटिमीटर बर्फाची बातमी कळते, तेव्हा आडोशाच्या घळीत अर्धा मीटर भरलेला असू शकतो.

लादीखालचा थर कच्चा असेल तर खरा धोका. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ उथळ असतो, खाली जमीन उबदार आणि वर हवा गोठवणारी. बर्फाच्या दर १० सेंटिमीटर जाडीला तापमानात १ अंशाहून जास्त फरक पडत राहिला की तळातले कण साखरेसारखे टपोरे होतात. मुठीत दाबून त्यांचा गोळा होत नाही. त्यावर लादी बसली, की ती सुटून हिमस्खलन व्हायला एका माणसाचे वजनही पुरते.

धारेवरून उडणारा बर्फाचा पिसारा कुठे झुकतो आणि बर्फाचा छज्जा कुठल्या बाजूला पुढे आला आहे, ते खालूनच पाहावे. ती आडोशाची बाजू. खाचा कोरलेला खरबरीत उतार म्हणजे बर्फ तिथून उडाला. गुबगुबीत उशीसारखा उतार म्हणजे तिथे येऊन बसला. पायाखाली ढोलासारखा पोकळ आवाज, ‘धप्प’ करून बर्फ खचणे किंवा स्कीपासून भेगा पळत जाणे, यांतले एकही चिन्ह दिसले तर चाचणी करत बसू नये, मागे फिरावे.

लादी बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. उतारावर काठी आडवी ठेवून मोबाइलमधल्या लेव्हलने कोन मोजता येतो. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर असा भरलेला उतार असेल, तर खालच्या धक्क्यानेही तो सुटू शकतो.

खड्डा खणून केलेल्या चाचणीवर मात्र फार भिस्त ठेवली जाते. ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब कापायचा, वर फावडे ठेवून मनगटातून १०, कोपरातून १० आणि खांद्यातून १० थापा मारायच्या आणि खांब कधी तुटतो ते पाहायचे. वाऱ्याने भरलेल्या उतारावर लादी एके ठिकाणी ७० सेंटिमीटर, तर दहा पावलांवर १५ सेंटिमीटर असू शकते. जाड जागी खांब तुटत नाही. पातळ कडेवर पाय पडला की मात्र आख्खा उतार सुटतो. म्हणून चाचणीने ‘जाऊ नका’ सांगितले तर ऐकावे. ‘जा’ म्हटले तर तेवढ्यावर उतरू नये. आणि एका वेळी एकानेच उतरावे.

गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती जेमतेम १० ते १५ मिनिटे असतात. एवढ्या वेळात पोहोचतात ते फक्त सोबती. बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचे फावडे प्रत्येकाकडे हवे. बीकनजवळ मोबाइल नको, त्याने शोध चुकतो.

डीआरडीओची चंडीगड येथील संस्था हिवाळ्यात जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचा जिल्हावार इशारा देते. डिसेंबर ते मार्च आपल्या हवामानाच्या चौकटीत त्या इशाऱ्याची पातळी आणि शेजारी वाऱ्याची दिशा व वेग रोज छापावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे