मगर आली आणि खड्डा बुजला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आमच्या गावचा फोटो आला होता. बसस्थानकासमोरच्या खड्ड्यात कार्यकर्ते बेशरमाची झाडे लावताहेत, मागे फलक, आणि अकराच्या अकरा जण कॅमेऱ्याकडे बघताहेत. खड्डा नेमका कुठे आहे ते खालची बातमी वाचल्यावर कळले. लावलेल्या झाडांपैकी दोन फुटलीसुद्धा. बेशरमाला ओल लागते आणि ती त्या खड्ड्यात भरपूर आहे.

मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून ३१ वर्षे काढली. म्हणजे खड्ड्याच्या बाबतीत मी फिर्यादी नव्हे, आरोपीच. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण तो फोटो पाहून मला बंगळुरूचे चित्रकार बादल नंजुंदस्वामी आठवले. आपल्याकडे त्यांच्याबद्दल कधी छापून आले तर ‘खड्ड्यात मगर ठेवणारा’ एवढ्याच ओळखीवर भागते. त्या माणसाच्या कामाकडे जरा थांबून पाहायला हवे असे मला वाटते.

बादल मूळचे म्हैसूरकडचे. तिथल्या चामराजेंद्र दृश्यकला अकादमीत शिकले, पुढे जाहिरातीच्या धंद्यात काम केले. हा जाहिरातीचा भाग महत्त्वाचा आहे. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवायला आपल्याकडे दोन-तीन सेकंद असतात, हे त्या धंद्यात शिकवावे लागत नाही.

जून २०१५ मध्ये उत्तर बंगळुरूतल्या सुलतानपाळ्यात रस्त्याच्या मधोमध सुमारे १२ फुटांचा खड्डा पडला होता, पाण्याने भरलेला. बादल यांनी सुमारे २० किलो वजनाची फायबरची मगर करून त्या पाण्यात सोडली आणि कडेने रंग मारून डबक्याचे तळे केले. खर्च सुमारे सहा हजार रुपये, तोही पदरचा. फलक नाही, घोषणा नाही, कोणाचा निषेधही नाही. मगर नुसती पडून होती. लोक गाड्या थांबवून हसले, फोटो काढले, बातम्या देशाबाहेर गेल्या आणि महापालिकेची माणसे खडी-डांबर घेऊन हजर झाली.

हे वाचले तेव्हा मला आमच्याकडचे मंत्र्यांचे दौरे आठवले. मी नोकरीत नवा होतो. सकाळी दहाला मंत्री येणार, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, ‘फाट्यापासून विश्रामगृहापर्यंत एक खड्डा दिसता कामा नये.’ जो रस्ता आठ महिने ‘निधी नाही’ म्हणून तसाच होता, त्याला रात्री साडेनऊला निधी सापडला, रोलरही सापडला, रोलरचा ड्रायव्हर तर लग्नातून उचलून आणला. गॅसबत्तीच्या उजेडात आम्ही खड्डे भरले. पहाटे चारला चहा प्यायलो तेव्हा मुकादम म्हणाला, ‘साहेब, मंत्री रोज आले पाहिजेत.’ बादल यांची मगर म्हणजे तो दौराच. फरक इतकाच की तिला ताफा लागत नाही.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम सप्टेंबर २०१९ चे. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर ७ तारखेला पहाटे चंद्रावर उतरणार म्हणून सगळा देश टीव्हीपुढे बसण्याच्या बेतात होता. त्याच्या चार-पाच दिवस आधी एक छोटा व्हिडिओ आला. अंतराळवीर चंद्राच्या खडबडीत जमिनीवर तरंगत, जपून पावले टाकतो आहे. आपण बघत राहतो, आणि मग शेजारून एक रिक्षा निघून जाते. तो चंद्र म्हणजे हेरोहळ्ळी भागातल्या तुंगानगरचा मुख्य रस्ता. अंतराळवीराच्या पोशाखातला माणूस कन्नड अभिनेते पूर्णचंद्र मैसूरु.

मी तो व्हिडिओ वीसेक वेळा पाहिला असेन. पहिल्यांदा हसलो, नंतर मात्र एका तांत्रिक गोष्टीने मला धरून ठेवले. रस्त्याची सपाटी आम्ही ३ मीटरच्या सरळपट्टीने तपासतो. पट्टी ठेवायची, खाली फट किती ते मोजायचे. पण जुने ओव्हरसिअर सांगायचे की पट्टी राहू दे, रात्री जीपचा दिवा आडवा टाक आणि बघ. आडव्या उजेडात इंचभर खोलगटाचीसुद्धा काळी सावली पडते. दिवसा जो रस्ता ‘ठीक आहे’ वाटतो, तोच रात्री चाळणी दिसतो. बादल यांनी चित्रीकरण रात्री केले. सावल्या लांब पडल्या, खड्ड्यांच्या कडा उठून दिसल्या, आणि चंद्राच्या विवरांसाठी वेगळे नेपथ्य करावे लागले नाही. त्यांनी रस्त्यावर काही मांडलेच नाही म्हणा ना, फक्त एक माणूस चालवला. साईट वाचणे म्हणतात ते हे. आमच्यातल्या कितीतरी जणांना निवृत्त होईपर्यंत ते जमत नाही.

तिथेही रस्त्याचे काम तातडीने सुरू झाले, हे सांगायला नकोच.

त्यांनी आणखीही बरेच काही केले आहे. एका खड्ड्यात ॲनाकोंडा होता आणि त्याच्या जबड्यातून माणसाचा हात बाहेर आलेला. २०१७ च्या पावसाळ्यानंतर शहराच्या ऐन मध्यवस्तीत खड्ड्याचा निळा डोह करून त्यात अभिनेत्री सोनू गौडा यांना जलपरी म्हणून बसवले. जलपरी मला मगरीइतकी भावली नाही. नटी आली की लोक नटीकडे बघतात, खड्डा बाजूला पडतो. पण ही माझी आवड झाली.

शिकागोत जिम बेकर नावाचे एक कलाकार २०१३ पासून खड्ड्यांवरच काम करतात, पण त्यांची रीत उलटी आहे. ते खड्डा स्वतः काँक्रीटने भरतात आणि वर संगमरवर व काचेच्या तुकड्यांची नक्षी बसवतात. कुठे फूल, कुठे आइस्क्रीमची कांडी. त्यांचे चित्र रस्ता नव्याने होईपर्यंत टिकते. बादल यांचे टिकले तर काम फसले असे समजायचे. मगर महिनाभर तिथेच राहिली असती तर लोकांनी तिला हार घातला असता आणि रिक्षावाल्यांनी तिथे ‘मगर स्टॉप’ केला असता. इतर चित्रकार आपली चित्रे संग्रहालयात जावीत म्हणून झटतात. या माणसाच्या चित्रावरून रोलर फिरला की मोहीम फत्ते.

आता आरोपीची बाजू. ‘बातमी आली आणि एका दिवसात खड्डा बुजला’ हे वाचून लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मी जरा अस्वस्थ होतो. खड्डा एका दिवसात बुजवता येतो, हे खरे आहे. त्याच्या कडा सरळ उभ्या कापायच्या, शक्यतो चौकोनी. आतला सगळा सैल माल आणि पाणी काढायचे, जागा कोरडी करायची. टॅक कोट, म्हणजे नवा माल जुन्याला चिकटावा म्हणून डांबराचा पातळ हात, मारायचा, मग थराथराने माल भरून प्रत्येक थर दाबायचा. घाईगर्दीत प्रत्यक्षात होते ते असे की ओल्या खड्ड्यात घमेल्याने माल ओततात, फावड्याच्या पाठीने थापतात आणि बाकीची दाबाई येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांवर सोडतात. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी आम्ही त्या रात्री केलेले पॅचवर्क दोन आठवडे टिकले. खाली पाणी जायला वाट असली की वरचे डांबर कितीही काळेभोर दिसो, पुढच्या पावसात त्याच जागी, थोडा रुंद होऊन, खड्डा परत येतो. गटार तुंबलेले असेल आणि रस्त्याला उतार नसेल तर तिथे मगरींची वसाहतच करावी लागेल. ते काम चित्रकाराचे नाही, आमचे आहे. कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम झाल्यावर त्यातल्या दोषांना तो जबाबदार असतो ती मुदत, संपला आहे की चालू आहे हे तपासणे त्याच कामात येते, आणि तो चालू असेल तर खड्डा त्याच्या खर्चाने बुजवून घ्यायचा असतो.

मग बेशरमाची झाडे लावणाऱ्यांचे काय चुकले? राग खरा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोणी खड्ड्याचा वाढदिवस करतात, केक कापतात, कोणी कागदी होड्या सोडतात. पण या सगळ्यांत फोटोच्या मध्यभागी माणूस असतो. अधिकाऱ्यालाही मग फलक वाचून सोय होते: अमुक पक्षाचे लोक आहेत, निवडणूक जवळ आली आहे, निवेदन घेऊ, पावती देऊ, फाईल पुढे सरकवू. मी स्वतः अशी निवेदने घेतली आहेत, पेल्यातून पाणी पाजून. मगर निवेदन देत नाही. तिला पावती कशी देणार?

संपादक महाराज, आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या वेळी असे आंदोलन झाले तर आपल्या छायाचित्रकाराला मंडळी पांगेपर्यंत थांबायला सांगा आणि नुसत्या खड्ड्याचा फोटो छापा, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला. आमच्याकडे चित्रे काढणारे हात आहेत. गणपतीत देखावे करणारी पोरे आहेत, थर्माकोलचा हिमालय आठ दिवसांत उभा करतात. दुकानांच्या पाट्या रंगवणारे दोघे-तिघे फ्लेक्स आल्यापासून रिकामेच आहेत. त्यांच्यापैकी कोणाला बसस्थानकासमोरच्या खड्ड्यात काही सुचले, तर रंगाचा खर्च मी देईन.

सवयीने परवा मी टेप घेऊन गेलो होतो. लांबी ७ फूट ४ इंच, रुंदी ५ फूट, बसथांब्याकडच्या अंगाला ९ इंच खोल आणि दुसऱ्या अंगाला ५. मगर बसणार नाही. कासव बसेल.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता