बीअर कापडातून गाळू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती बीअरवर आलेल्या लेखात, हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले) घातल्यानंतर बीअर मलमलच्या कापडातून दोनदा गाळावी म्हणजे ती नितळ होते, असा सल्ला दिला आहे. नोकरीनिमित्त मी नऊ वर्षे इंग्लंडमध्ये होतो; तेथे १९६३ पासून घरच्यापुरती बीअर विनापरवाना करता येते आणि मी ती नियमित करत असे. (आपल्याकडे परवाना लागतो, हेही लेखात यायला हवे होते.)

हीच चूक मी स्वतः केली आहे. वीस लिटर बीअर कापडातून गाळून बाटल्या भरल्या, तेव्हा तिचा रंग वाळल्या गवतासारखा पिवळा होता आणि घरभर लिंबाच्या सालीचा वास सुटला होता. तीन आठवड्यांनी बाटली उघडली, तर आत कोऱ्या चहाच्या रंगाची बीअर आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा. काजूचे बोंडू कापून ठेवले की काळपट पडते, खोबरे उघडे राहिले की खवट होते. हॉप्सच्या सुगंधाचे हवेने तसेच होते. कापडातून पडणारी प्रत्येक धार हवा घेऊन उतरते आणि बीअर आंबवणारे यीस्ट मात्र इतके सूक्ष्म असते की ते कापडातून सहज पार होते, त्यामुळे नितळपणाही हाती लागत नाही.

बीअर निवळते ती थंडीने आणि सबुरीने. आंबणे संपत आले असताना, म्हणजे हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा अपेक्षित अखेरच्या आकड्यापेक्षा ०.००३ ते ०.००४ ने वर असताना, वीस लिटरला साठ ते शंभर ग्रॅम हॉप्स घालावेत. झाकण उघडल्याने शिरलेला बराचसा ऑक्सिजन जागे असलेले यीस्ट संपवते. हॉप्समुळे आंबणे पुन्हा थोडे सुरू होऊ शकते, म्हणून आकडा दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरू नयेत; कोकणच्या उकाड्यात अशा बाटल्या फुटण्याचा धोका मोठा आहे. त्यानंतर पिंप दोन दिवस १ ते ४ अंश सेल्सिअसवर ठेवावे. थंड होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पिंपावरच्या झडपेतून) बाहेरची हवा आत ओढली जाते, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आंबताना निघालेला कार्बन डायऑक्साइड फुग्यात धरून ठेवला आणि तो फुगा या वेळी एअरलॉकच्या जागी बसवला, तर आत तोच वायू जातो.

एवढे करूनही गढूळपणा उरला, तर दोन-तीन ग्रॅम जिलेटिन कपभर पाण्यात भिजवून, ६५ अंशांपर्यंत तापवून, न उकळता, थंड बीअरमध्ये सोडावे. हेच काम माशांच्या वायुपिशवीपासून केलेला आयसिंग्लासही करतो. आपल्या घोळ माशाच्या वायुपिशवीला एवढा भाव येतो, त्यामागचे एक कारण हा उपयोगही आहे. शेवटी पिंपाच्या तोटीला लावलेली नळी बाटलीच्या तळाला टेकवून बीअर हळू भरावी आणि फेस तोंडाशी असतानाच झाकण बसवावे.

ही दुरुस्ती पुढील रविवारच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मालवण