अंगणातच जोडून घ्या

पुणे, 18 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. नमस्कार.

परवा रविवारी फोनवर माझा आवाज चढला, त्याचं दोन दिवस वाईट वाटतंय. बाबा, तुम्ही सहज सांगून गेलात की तवंदी घाटात गाडीच्या पडद्यावर नकाशा येईना, म्हणून खिशातून फोन काढून एका हातानं बघत होतात. मागून आई म्हणाली, "पुढं उसाचा ट्रॅक्टर होता की." तेवढं ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. मी बोलले ते रागानं नव्हे, भीतीनं बोलले. असल्या गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत. तुम्ही "हां, हां" म्हणता आणि मी पुढचं सांगायला लागते. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचता, हे मला माहीत आहे.

आधी भीतीचंच सांगते. ताशी 80 किलोमीटरच्या वेगाला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. फोनकडे तीन सेकंद बघितलं तर 66 मीटर गाडी आपली आपण गेली. तुम्ही गणित शिकवलंय, तुम्हाला हे मी काय सांगणार. त्यात आता कारखाने सुरू झालेत. संकेश्वर-निपाणी पट्ट्यात दिवस मावळला की एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस हातभर बाहेर आलेला. तो दिसतो तेव्हा फार जवळ आलेला असतो. फोन हातात धरून गाडी चालवणं कायद्यानं गुन्हा आहे, पण मला दंडाची काळजी नाही. मला तुमची दोघांची काळजी आहे.

आता पडदा का लागत नाही ते. तुम्ही म्हणालात, "सोसायटीत, दवाखान्यात एकटा जातो तेव्हा गाडीत बसलं की आपोआप लागतं. कोल्हापूरला निघालो की नेमकं बिघडतं." रात्री मी याचाच विचार करत होते, आणि आईचं एक वाक्य आठवलं. हत्तरगीच्या टोल नाक्यावर मावशीचा फोन आला तो आईच्या पर्समध्ये वाजायच्या ऐवजी गाडीतच घुमला. बाबा, कारण तेच आहे. एकटे जाता तेव्हा गाडीत फोन एकच असतो. कोल्हापूरला निघता तेव्हा आई बरोबर असते आणि तिचा फोनही. गणपतीत दादाच्या मुलांनी अभंग लावायला आईचा फोन ब्लूटूथनं गाडीला जोडला होता. गाडीनं तो लक्षात ठेवलाय. आता दोघं बसलात की ती आधी आईचा फोन धरते आणि तुमचा बाहेर राहतो. बिघडलेलं काहीच नाही.

उपाय दोन्हीकडून करायचा. गाडीच्या पडद्यावर सेटिंगमध्ये जोडलेल्या फोनची यादी असते, तिथं आईच्या फोनच्या नावावर जाऊन ते काढून टाका. मग आईच्या फोनमध्ये ब्लूटूथ उघडून आपल्या गाडीचं नाव दिसेल, त्याच्या शेजारच्या चाकावर बोट ठेवून तेही काढा. एकीकडून काढलं आणि दुसरीकडे राहिलं तर परत घोटाळा होतो. आई, तुझे अभंग मी बाबांच्या फोनमध्ये घालून देते, ते पडद्यावरूनच लागतील. तुला फोन आला तर तू हातात घेऊन खुशाल बोल, तू काही गाडी चालवत नाहीस.

हे सगळं कसं चालतं ते एकदा सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुठं बघायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. गाडीतला पडदा म्हणजे फळा समजा. नकाशा, गाणी, फोन हे सगळं तुमच्या फोनमध्येच चालतं, फळ्यावर ते फक्त उमटतं. या सोयीचं नाव अँड्रॉइड ऑटो. दुकानातला मुलगा "ॲप टाकावं लागेल" म्हणाला ना, त्याचं ऐकू नका. अँड्रॉइड 10 पासून ते फोनमध्येच बसवलेलं येतं. तुमच्यासारखं विनावायर जोडायचं तर ब्लूटूथ नुसती ओळख पटवतो आणि पुढचा सगळा भार वायफाय उचलतो. म्हणून दोन्ही चालू पाहिजेत. रेंज वाचवायला म्हणून तुम्ही वायफाय बंद करून ठेवता. त्यानं रेंज वाचत नाही आणि पडदा मात्र लागत नाही. बॅटरी वाचवायचं ते पिवळं बटणही प्रवासात बंदच ठेवा. ते चालू असलं की फोन मागची कामं आवरती घेतो.

वायरनं जोडायचं तर निराळ्या भानगडी असतात. गणपतीला मी आले होते तेव्हाचा तो अख्खा दुपारचा वेळ आठवतोय ना? पावसाळाभर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, बॅटरी उतरली, मेकॅनिकनं नवी बसवली आणि त्या दिवसापासून पडदा लागेना. मी आधी वायरला दोष दिला. खडे बाजारातून आणलेली ती पांढरी वायर होतीच तशी. तिच्यात नुसतं चार्जिंग होतं. ओळखायची खूण सोपी आहे: दादाच्या कॉम्प्युटरला फोन जोडून बघायचा, फोनवर "फाइल ट्रान्सफर" निवडायचं, आतले फोटो कॉम्प्युटरवर दिसले तर वायर कामाची, नुसतं चार्जिंग झालं तर नाही. दुसरी वायर आणली तरी पिन नीट बसेना, जरा हललं की सुटायची. मग फोन बंद करून दात कोरायच्या लाकडी काडीनं चार्जिंगच्या भोकात हळूच खरवडलं. आतून काय निघालं होतं! सदऱ्याच्या खिशातला कापूस, त्यात गिरणीतल्या पिठाची धूळ, सगळं दाबून दाबून वातीसारखं घट्ट झालेलं. चांगली अर्धी वात. ते निघाल्यावर पिन टक्कन आवाज करून आत गेली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ती वात बोटावर घेऊन बघत राहिलात. आता मळणीचे दिवस आहेत, भाताची भुसकट खिशात जाणारच. महिन्यातून एकदा एवढं करा. सुई किंवा टाचणी मात्र घालू नका, आतली पट्टी मोडते.

एवढं करूनही पडदा लागला नव्हता. चूक तारखेत निघाली. बॅटरी काढल्यामुळं गाडीचं घड्याळ मागं गेलं होतं, कितीतरी वर्षं. फोन आणि गाडी एकमेकांना जोडताना ओळखपत्र तपासतात आणि त्या ओळखपत्राला मुदत असते. गाडीची तारीखच चुकीची असली की मुदत जुळत नाही आणि जोडणी तुटते. तारीख दुरुस्त केली आणि लगेच खानापूर-बेळगाव रस्ता पडद्यावर उमटला. आई तेव्हा तुळशीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "आलं वाटतं!" म्हणून सांगते, पुन्हा कधी बॅटरीला हात लागला तर आधी तारीख बघा, मग बाकीचं.

सोबत एक वायर पाठवते आहे. एक मीटरच्या आतली आहे, लांब वायरीत सिग्नल ढिला पडतो. ती गिअरजवळच्या भोकात घालायची, मागच्या सीटवाल्या भोकात नाही. मागचं नुसतं चार्जिंगचं आहे. फोन लावल्यावर पडद्यावर काही आलं नाही तर फोनच्या काचेवर वरून खाली बोट ओढून बघा, "चार्जिंग" लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवा आणि "फाइल ट्रान्सफर" निवडा. आणि काहीच जमलं नाही तर फोनमधून गाडी आणि गाडीतून तुमचा फोन, दोन्ही काढून पुन्हा पहिल्यापासून जोडा. तेव्हा फोन विचारेल: संपर्क वाचू का, लोकेशन घेऊ का, नोटिफिकेशन दाखवू का. तिथं सगळ्याला हो म्हणा. गेल्या वेळी तुम्ही सावधपणानं सगळ्याला नाही म्हणाला होतात. तुमचा सावधपणा चांगलाच आहे, बँकेच्या नावानं येणाऱ्या फोनला तसाच ठेवा. इथं तुमचीच गाडी विचारते आहे.

आणखी एक. डिसेंबरात मंगेशीला जायचं म्हणताय. जांबोटी सोडली की कणकुंबी, चोर्ला घाटापर्यंत ठिकठिकाणी रेंज नसते. तिथं नकाशा कोरा झाला तर पडदा बिघडला असं समजू नका, ती जोडणी फोन आणि गाडीची आपसातली असते, तिला रेंज लागत नाही. नकाशाला लागते. घरी वायफायवर असताना नकाशात तुमच्या फोटोवर बोट ठेवून ऑफलाइन नकाशे उघडा आणि खानापूर ते फोंडा एवढा भाग उतरवून ठेवा. नाहीच जमलं तरी रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. मला चौथीत असताना स्कूटरवरून तुम्हीच नेलं होतं, तेव्हा कुठला नकाशा होता! कानडी पाट्या वाचायला आई आहेच. हुक्केरीची लेक ती, आपल्या दोघांपेक्षा भरभर वाचते.

बाबा, माझं मागणं एवढंच आहे. हे सगळं अंगणात, गाडी उभी असताना करा. दहा मिनिटं जातील, जाऊ देत. रस्त्यात पडदा गेला तर जाऊ द्या, फोनला हात लावू नका. फारच अडलं तर पेट्रोल पंप, ढाबा बघून गाडी बाजूला घ्या. आई, हे काम मी तुझ्यावर सोपवते. त्यांचा हात खिशाकडे गेला की फोन तू काढून घे आणि पर्समध्ये टाक. ते रागावले तर माझं नाव सांग.

शनिवारी कोल्हापूरला निघायच्या आधी आईच्या फोनचं तेवढं करून घ्या. मी सकाळी सात वाजल्यापासून मोकळी आहे, व्हिडिओ कॉल लावा, मी बरोबर बसते. आणि निपाणीत चहाला थांबाल तेव्हा गाडीतून उतरून मला एक फोन करा.

तुमची,
सुमन

ता. क.: आई, पार्सलमध्ये वायरीखाली तुझी गुडघ्याची पट्टी आहे. जुनी टाकून दे.